चामड्याच्या हातशिवणीचा दोरा : निवड आणि मेण देण्याची रीत

पोळ्याआधीच्या पंधरवड्यात आर्वी तालुक्यातील आमच्या गावात बैलांचे घुंगरपट्टे दुरुस्तीला येऊ लागतात. वर्षभर गोठ्याच्या आढ्याला टांगलेले हे पट्टे शेतकरी खाली काढतात, धूळ झटकतात आणि तेव्हा त्यांच्या लक्षात येते की चामडे जाड आणि धडधाकट आहे, पितळी घुंगरे जागच्या जागी आहेत, पण दोन पदरांमधली शिवण मात्र वीतभर उसवली आहे. पट्टा माझ्या हातात देताना शेतकऱ्याचे म्हणणे बहुधा एकच असते : "दोरा कोनताही चालते भाऊ, पन टाका पक्का मार." टाका पक्का मारणे कारागिराच्या हातात असते हे खरे, परंतु दोरा कोणताही चालत नाही; आणि दोरा चुकीचा असला किंवा त्याच्या पोटात मेण गेलेले नसले, तर पक्का मारलेला टाकाही पुढच्या पोळ्यापर्यंत पोहोचत नाही. दोरा कसा निवडावा आणि त्याला मेण कसे द्यावे, हे पुढे सविस्तर सांगितले आहे. उदाहरणे माझ्या कामातील असल्यामुळे पट्ट्यांची अधिक आहेत, पण रीत चपला, पिशव्या, पाकिटे आणि कमरपट्टे यांनाही तीच लागू पडते.

नवा दोरा हातात घेण्यापूर्वी जुनी शिवण नीट पाहावी, कारण आधीचा दोरा कशाने गेला हे तीच सांगते. सुईच्या टोकाने एक टाका उचलावा आणि तो तुकडा बोटांत चुरडावा. त्याची भुकटी झाली तर दोरा कुजलेला आहे. बैलाचा घाम, पावसाचे पाणी आणि चामड्यात मुरलेली आम्लता यांनी तो आतून खाल्ला. चामड्याच्या वर दिसणारा भाग झिजलेला आणि छिद्रातला भाग मात्र नव्यासारखा असेल, तर दोरा घासून गेला. शिवणीच्या रेषेवर कोरलेल्या खोबणीत न बसता तो वर उठून राहिला होता. दोरा अखंड आहे, पण चामड्याचे दोन पदर बोटाने हलवले की एकमेकांवर सरकतात, असे दिसले तर दोरा ताणला गेला आहे. आणि फक्त लोखंडी कडीजवळचेच टाके तपकिरी होऊन तुटले असतील, तर तो गंजाचा परिणाम आहे, कारण ओल्या लोखंडाचा गंज सुती आणि लिननच्या तंतूंना लवकर कमकुवत करतो. या चार कारणांपैकी आपल्या वस्तूच्या वाट्याला कोणते येणार आहे याचा विचार आधी करावा आणि मग दोऱ्याकडे वळावे. बळ हाताने ओढून पाहता येते, म्हणून बहुतेक जण तेवढेच पाहतात. पण माझ्याकडे आलेल्या पट्ट्यांत नुसत्या ओढीने तुटलेला दोरा मला क्वचितच दिसला आहे.

सुती, लिनन, नायलॉन आणि पॉलिस्टर

आपला मुलूख कापसाचा, त्यामुळे सुती दोरा सर्वांत आधी डोळ्यांपुढे येतो आणि तो स्वस्तही असतो. सुती दोरा ओला झाल्यावर अशक्त होत नाही, उलट काहीसा बळकटच होतो. पण ओल टिकून राहिली की त्याला बुरशी धरते, आणि बाभळीच्या सालीत किंवा हिरड्यात कमावलेल्या चामड्याची आम्लता त्याला सोसत नाही. कोरड्या जागी राहणाऱ्या वस्तूला, उदाहरणार्थ वहीच्या चामडी वेष्टनाला, तो चालेल. बैलाच्या अंगावर जाणाऱ्या किंवा पायात घालायच्या वस्तूला मात्र तो वापरू नये.

लिननचा दोरा जवसाच्या खोडातील तंतूंपासून करतात. आपल्याकडे रब्बीत पेरतो ते जवस बियांसाठी आणि तेलासाठी असते. त्याचे झाड ठेंगणे आणि फांद्यांचे. धाग्यासाठी लावण्याची जात उंच, सरळ आणि कमी फांद्यांची असते आणि तिच्या खोडातून निघणारे तंतूंचे झुपके हातभर आणि त्याहूनही लांब असतात. या लांबीमुळे लिननचा दोरा गुळगुळीत राहतो आणि कापसाच्या मानाने उशिरा पिंजतो. तुटण्यापूर्वी तो जेमतेम दोन-तीन टक्के ताणतो, म्हणून ओढून बसवलेला टाका तसाच बसून राहतो. मेण तो इतर कोणत्याही दोऱ्यापेक्षा चांगले पितो. त्याचे वैरी दोनच, कायमची ओल आणि गंज. हातशिवणीचे काम ज्याला मनापासून शिकायचे आहे, त्याने सुरुवात लिननवर करावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मेण देण्यात झालेली चूक हा दोरा लगेच दाखवतो आणि त्यामुळे हात लवकर सुधारतो.

नायलॉन कुजत नाही आणि घासण्याला दाद देत नाही. परंतु तुटण्यापूर्वी तो पंधरा टक्क्यांहून अधिक ताणतो, पाण्यात भिजला की आणखी सैल होतो आणि सतत उन्हात राहिला तर खंगतो. पॉलिस्टर त्यापेक्षा कमी ताणतो, पाणी जवळजवळ घेत नाही आणि उन्हात नायलॉनपेक्षा बराच अधिक टिकतो. म्हणून घाम, पाऊस आणि ऊन या तिन्हींत राहणाऱ्या पट्ट्यांसाठी आता मी पीळदार पॉलिस्टर दोराच वापरतो. चांगल्या कमावलेल्या चामड्याच्या पिशव्या, पाकिटे आणि कमरपट्टे लिननने शिवतो. आणि नायलॉन फक्त चपलेच्या तळासारख्या जागी घेतो, जिथे घासणे फार आणि ऊन कमी असते.

भंडारा-गोंदियाच्या तलावांच्या भागात मासेमारीच्या जाळ्यांची नायलॉन सुतळी सहज आणि स्वस्त मिळते आणि अनेक जण तीच चामड्याला वापरतात. तिच्या रिळावर २१०/२/३ असे आकडे असतात. त्यांतील २१० हा डेनिअर, म्हणजे ९,००० मीटर लांबीच्या एका धाग्याचे ग्रॅममधील वजन. असे दोन धागे एकत्र करून एक पदर आणि असे तीन पदर वळून ती सुतळी होते. एकूण सहा धागे, म्हणजे १,२६० डेनिअर आणि जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. ही सुतळी वाईट नाही, पण ती जाळ्यासाठी केलेली असते आणि जाळ्यात प्रत्येक ठिकाणी गाठ असते. चामड्याच्या शिवणीत गाठ नसते. कामाला लागल्याच्या पहिल्याच वर्षी मी एका गवळाऊ जातीच्या बैलजोडीचे दोन्ही पट्टे मेण न देता या सुतळीने शिवले होते. दिवाळीपर्यंत एकही टाका तुटला नाही, परंतु पहिला टाका सैल झाला, मग त्याची सैल दुसऱ्यात आणि दुसऱ्याची तिसऱ्यात गेली, आणि शेवटी आख्खी शिवण बाजेच्या ढिल्या नवारीसारखी लोंबू लागली. दोन्ही पट्टे मी उसवून पुन्हा शिवून दिले.

रिळावर काही लिहिलेले नसेल किंवा दुकानदाराच्या सांगण्यावर भरवसा नसेल, तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती आणि लिनन दोरा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मागे मऊ राख उरते. नायलॉन आणि पॉलिस्टर वितळतात आणि थंड झाल्यावर टोकाला कठीण मणी राहतो. पॉलिस्टर जळताना काळा, काजळीचा धूर अधिक देतो. सुती की लिनन हा प्रश्न उरला, तर टोकाचा पीळ उलगडून धागा हळू ओढावा : सुती धाग्याचे टोक आखूड, मऊ केसांसारखे पिंजते आणि लिननचे टोक लांब, ताठ तंतूंचे दिसते.

जाडी, टाका आणि लांबीचा हिशेब

दोऱ्याची जाडी डोळ्यांनी ठरवू नये. पेन्सिलीवर दोऱ्याचे दहा वेढे एकमेकांना चिकटून, पण न दाबता घ्यावेत आणि त्या वेढ्यांची रुंदी पट्टीने मोजावी. आठ मिलिमीटर भरली तर दोरा ०.८ मिलिमीटरचा आहे. टाका ३ मिलिमीटरचा असेल तर दोरा ०.५ ते ०.६ मिलिमीटर, ४ चा असेल तर ०.८, आणि ५ किंवा ६ चा असेल तर १ मिलिमीटर किंवा किंचित अधिक, असे प्रमाण ठेवावे. पाकिटाला जाड दोरा घेतला तर छिद्रे मोठी पाडावी लागतात आणि पातळ चामडे छिद्रांच्या रेषेवर फाटते; बैलाच्या पट्ट्याला बारीक दोरा घेतला तर तो चामड्याला सुरीसारखा कापत जातो. लिननच्या रिळांवर १८/३, १८/४ असे आकडे आढळतात. त्यांतील पहिला धाग्याच्या बारीकपणाचा असतो, म्हणजे तो वाढला की धागा बारीक होतो, आणि दुसरा पदरांची संख्या सांगतो. त्यामुळे १८/४ हा १८/३ पेक्षा जाड असतो.

किती लांब दोरा घ्यावा यासाठी 'शिवणीच्या चौपट' असा ठोकताळा सांगतात, पण तो दरवेळी बरोबर येत नाही. दोन सुयांच्या शिवणीत दोऱ्याची दोन्ही टोके प्रत्येक छिद्रातून जातात, म्हणजे प्रत्येक टाक्याला दोऱ्याचे प्रत्येक टोक एकदा चामड्याची जाडी ओलांडते आणि एकदा टाक्याची लांबी. म्हणून टाका आणि जाडी यांची बेरीज करावी, तिची दुप्पट करावी आणि टाक्याच्या लांबीने भागावे. जो आकडा येईल तितक्या पट दोरा लागतो. दोन्ही पदर मिळून ६ मिलिमीटर जाडीचा पट्टा आणि ६ मिलिमीटरचा टाका असेल तर चौपट दोरा पुरतो. चपलेचा तळ ८ मिलिमीटर जाड आणि टाका ५ मिलिमीटरचा असेल तर पाचपटीहून अधिक लागतो, आणि इथेच चौपटीवर विसंबणाऱ्याचा दोरा शेवटच्या चार बोटांत संपतो. या लांबीत सुया ओवण्यासाठी दोन्ही टोकांना मिळून ४० सेंटिमीटर अधिक धरावेत. ११० सेंटिमीटरच्या पट्ट्याला असा एकूण ४ मीटर ८० सेंटिमीटर दोरा होतो. एवढा लांब दोरा दोन्ही हात पसरूनही एका झेपेत ओढता येत नाही, आणि प्रत्येक छिद्रातून वारंवार घासून त्याचे मेण निघून जाते. म्हणून एका दोऱ्याऐवजी दोन तुकडे घ्यावेत, सुया ओवण्याचे ४० सेंटिमीटर प्रत्येक तुकड्याला वेगळे धरावेत आणि जोडावर तीन टाके एकावर एक आणावेत.

तुकडा कापल्यानंतर लगेच मेण देऊ नये. दोरा एका टोकाला धरून मोकळा लोंबकळू द्यावा, म्हणजे रिळावर असताना पडलेला जास्तीचा पीळ स्वतःभोवती फिरून निघून जातो. मग तो अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर ओढावा. एका दिशेने तो गुळगुळीत लागतो आणि दुसऱ्या दिशेने किंचित खरखरीत. बैलाच्या अंगावरून केसांच्या दिशेने आणि उलट हात फिरवताना जसे वाटते तसेच. मेण नेहमी गुळगुळीत दिशेने द्यावे, कारण त्यामुळे उठलेले तंतू दबून बसतात.

मेण : कोणते, कुठले आणि कसे तयार करावे

मेण दोऱ्याचे पदर एकत्र धरून ठेवते, छिद्रातून जाताना होणारे घासणे कमी करते आणि पाण्याला तंतूंपर्यंत सहज पोहोचू देत नाही. यांहून मोठे काम माझ्या दृष्टीने चौथे आहे, ते म्हणजे दोऱ्याला छिद्रात धरून ठेवण्याचे. मेण दिलेल्या शिवणीतला एक टाका कापला गेला तरी शेजारचे टाके जागचे हलत नाहीत. नायलॉनसारख्या निसरड्या दोऱ्याला तर मेणाची गरज यासाठीच सर्वांत अधिक असते. जाळ्याच्या सुतळीने केलेल्या माझ्या त्या पट्ट्यांत नेमकी हीच उणीव होती.

यासाठी मधमाशीचे मेणच घ्यावे. घरातील मेणबत्ती बहुधा खनिज मेणाची, म्हणजे पॅराफिनची असते. ते ठिसूळ असते, दोरा वाकला की त्याचे पापुद्रे उडतात आणि पहिल्या दहा छिद्रांतच दोरा उघडा पडतो. एकदा एका बाजारातून 'शुद्ध मेण' म्हणून आणलेली अर्धा किलोची लादी अशीच निघाली आणि तिने शिवलेल्या पिशवीच्या शिवणीवर पांढरी भुकटी दिसू लागली, तेव्हा माझ्या ध्यानात आले. तेव्हापासून विकत घेतानाच मी नखाने लादी खरवडून पाहतो. मधमाशीच्या मेणाची सलग, मऊ साल निघते, ती बोटांच्या उबेने वळते आणि तिला मधाचा मंद वास असतो. पॅराफिनचा भुगा पडतो. जुन्या चांगल्या मेणावर कधी कधी पांढुरकी धूसर साय दिसते, तिला भेसळ समजू नये. उबदार फडक्याने पुसली की ती जाते.

मेळघाटातून येणारे जंगली मेण मुख्यतः आग्या माशीच्या पोळ्यांचे असते आणि पेट्यांत पाळलेल्या सातेरी माश्यांचेही मेण मिळते. दोन्ही कामाला उत्तम आहेत. मशाल लावून माश्या मारून काढलेले पोळे मात्र कोणी आणून दिले तरी मी घेत नाही. आपल्या शेतातील तूर, जवस, करडई आणि सूर्यफूल यांच्या फुलांवर याच माश्या असतात आणि माश्या न मारता पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून घेण्याची रीत शिकलेले लोक आता पुष्कळ आहेत.

मध काढून उरलेले पोळे मिळाले तर मेण घरी साफ करता येते. पोळे स्वच्छ सुती फडक्यात सैल बांधावे, स्टीलच्या पातेल्यात पाण्यात बुडवावे, वर लहान दगड ठेवावा आणि पाणी मंद आचेवर तापवावे. मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे खळखळ उकळण्याची गरज नसते. मेण फडक्यातून निसटून वर तरंगते आणि पातेले झाकून रात्रभर तसेच ठेवले की सकाळी त्याची जाड चकती सुटून येते. तिच्या तळाला चिकटलेला काळा गाळ सुरीने खरवडून टाकावा. लोखंडी, तांब्याचे किंवा पितळेचे भांडे घेऊ नये, कारण त्यांनी मेणाचा रंग बिघडतो. पाणीही पाहून घ्यावे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात किंवा जड पाण्याच्या विहिरी असलेल्या कोणत्याही गावात हे काम विहिरीच्या पाण्यात केले, तर पाण्यातील क्षारांशी मिसळून मेणाचा काही भाग साबणासारखा फुगीर, राखाडी लगदा होतो आणि वाया जातो. पावसाळ्यात पत्र्यावरून धरून ठेवलेले पाणी यासाठी सर्वांत चांगले.

नुसते मेण हिवाळ्यात आणि पावसाळ्यात पुरते. परंतु आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पत्र्याच्या छपराखाली बसून काम करताना मेण हाताला चिकट आणि लिबलिबीत लागते, आणि उन्हात उभ्या असलेल्या बैलाच्या गळ्यातील पट्ट्यात ते आणखी मऊ होते. अशा कामासाठी मेणात राळ, म्हणजे झाडाचा वाळलेला चीक, मिसळावी, म्हणजे ते अधिक चिवट होते आणि दोऱ्याला घट्ट धरते. उन्हाळ्यासाठी मी १०० ग्रॅम मेणाला २५ ग्रॅम राळ घेतो. हिवाळ्यात घातलीच तर राळ १० ग्रॅमवर आणतो आणि मेण ठिसूळ होऊ नये म्हणून चहाचा एक चमचा एरंडेल घालतो. जवसाचे तेल घरात असते म्हणून ते घालण्याचा मोह होतो, पण ते वाळणारे तेल आहे. काही महिन्यांत ते कडक होते आणि दोराही ताठ, मोडका करून टाकते. एरंडेल तसे वाळत नाही.

मिश्रण करताना मेणाचे भांडे थेट आचेवर कधीही ठेवू नये. मोठ्या पातेल्यात पाणी उकळावे आणि त्यात मेणाचे लहान भांडे ठेवून मेण वितळू द्यावे. मेण पूर्ण पातळ झाल्यावर राळेची बारीक कुटलेली पूड चिमटी-चिमटीने घालत लाकडी काडीने ढवळावे. राळ उशिरा विरघळते, म्हणून घाई करू नये. मिश्रण एकजीव झाले की तेलाचे बोट लावलेल्या वाटीत ओतावे आणि थंड झाल्यावर वडी काढावी. वितळलेले मेण पेट घेऊ शकते आणि अंगावर पडले तर निघत नाही, भाजत राहते. हे काम चुलीपाशी लहान मुले नसताना करावे. उन्हाळ्यात वडी कुठे ठेवावी हाही प्रश्नच असतो. मी ती झाकणाच्या डबीत घालून माठाखालच्या ओल्या वाळूवर ठेवतो आणि लागेल तेव्हाच बाहेर काढतो.

दोऱ्याला मेण देणे

वडी डाव्या हाताच्या तळव्यात धरावी. दोरा वडीच्या कडेवर ठेवून त्यावर अंगठा दाबावा आणि उजव्या हाताने दोऱ्याचे टोक धरून तो एका दमात, न थांबता आरपार ओढावा. वेग इतका हवा की अंगठ्याखाली ऊब जाणवली पाहिजे. त्या उबेनेच कडेचे मेण क्षणभर मऊ होते आणि पदरांच्या फटींत शिरते. सावकाश ओढलेल्या दोऱ्यावर मेणाचा नुसता लेप बसतो. दर वेळी दोरा वडीवर नव्या जागी ठेवावा, नाहीतर वडीत खोल चर पडतो आणि त्या चरात दोऱ्याला दाब मिळत नाही. अंगठा कापला जाऊ नये म्हणून त्यावर चामड्याची पातळ टोपी किंवा चिंधी गुंडाळावी. नायलॉन आणि पॉलिस्टर बोटात खोल घुसतात.

लिननला असे तीन ते चार हात पुरतात, पॉलिस्टरला दोन. त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या अनुभवात सर्व फरक तिनेच पडतो. जाड सुती फडक्याची किंवा मऊ चामड्याच्या तुकड्याची घडी करावी, तिच्यात दोरा घट्ट धरावा आणि पाच-सहा वेळा झपाझप ओढावा. पहिल्या दोन ओढींत फडक्यावर मेणाचे पट्टे उमटतात, पुढच्या ओढींत ते उमटणे थांबते आणि फडके हाताला गरम लागते. वर साचलेले मेण अशा रीतीने काही आत जाते आणि काही पुसले जाते. आता दोऱ्याचा मधलाच एखादा भाग दोन्ही चिमटींत धरून पीळ किंचित उलगडावा आणि उजेडात पदरांच्या आतल्या बाजू पाहाव्यात. त्या पिवळसर आणि किंचित ओलसर चमकाच्या दिसल्या तर मेण पोटात पोहोचले आहे. पांढऱ्या आणि कोरड्या दिसल्या तर आणखी एक हात द्यावा आणि पुन्हा फडक्यातून ओढावे. चिमटी सोडल्यावर पदर आपोआप जवळ येऊन चिकटले पाहिजेत. त्याच वेळी दोऱ्यावर नख फिरवून पाहावे : नखात मेणाची गोळी जमली तर मेण जास्त झाले आहे. असे जास्तीचे मेण छिद्राच्या तोंडाशी साचते, त्यावर काळ्या मातीची धूळ बसते आणि नवी शिवण आठवड्यात कळकट दिसते.

बाजारातून मेण लावलेला तयार दोरा आणला असेल, तर हे सर्व करण्याची गरज नसते. तो नुसता फडक्यातून दोनदा ओढून घ्यावा. फार लांबच्या किंवा जाड चामड्याच्या शिवणीसाठी मात्र त्यालाही एक हात देणे चांगले.

सुई ओवण्यासाठी टोक निमुळते करावे लागते. लिननच्या दोऱ्याचे शेवटचे चार बोटे टोक फळीवर ठेवून बोथट पात्याने बाहेरच्या दिशेने खरवडावे, म्हणजे काही तंतू निघून जाऊन टोक केसासारखे बारीक होत जाते. मग त्याला मेण देऊन ते मांडीवर तळव्याने वळावे. निमुळते टोक सुईच्या नेढ्यातून काढून सुईच्या अणीने त्याच दोऱ्याच्या पोटातून दोनदा टोचून घ्यावे आणि मागे ओढावे. अशी सुई शिवताना निसटत नाही आणि नेढ्यापाशी दोऱ्याची जाडीही दुप्पट होत नाही. पॉलिस्टरचे टोक खरवडता येत नाही. त्याचा एक पदर बोटभर कापून काढावा आणि उरलेल्या पदरांना मेण देऊन वळावे. सुया दोन आणि बोथट टोकाच्या घ्याव्यात, कारण छिद्र पाडण्याचे काम आरीचे आहे आणि टोकदार सुई छिद्रात आधीच असलेल्या दोऱ्याला भोसकते. पोती शिवण्याचे दाभण मोठे आणि धारदार असते, ते या कामाला वापरू नये.

शिवताना आणि शिवून झाल्यावर

आरीला मधूनमधून मेणाच्या वडीत टोचावे, म्हणजे ती जाड चामड्यातून अडखळत नाही. दोरा छिद्रातून जाताना किंचित अडला पाहिजे. सहज सरकत असेल तर आरी मोठी आहे आणि मेण कितीही चांगले दिले तरी टाका धरणार नाही. अर्धी शिवण झाल्यावर उरलेला दोरा बोटांत धरून पाहावा आणि तो सुका, केसाळ वाटला तर तिथेच मेणाचा एक हात द्यावा. टाका बसवताना लिनन पूर्ण जोराने ओढावा. नायलॉन मात्र चामड्यावर टेकेल इतकाच ओढावा, कारण ताणून बसवलेला नायलॉन नंतर आखडतो आणि पातळ चामड्यावर चुण्या पाडतो. ज्याचे टाके खोबणीत बसलेले असतात तो पट्टा घासणीने लवकर जात नाही, म्हणून पट्ट्यांना आणि चपलांना शिवणीच्या रेषेवर दोऱ्याच्या निम्म्या जाडीइतकी खोबण आधी कोरून घ्यावी.

बाभूळ-हिरड्यात कमावलेले चामडे ओले असताना त्याला लोखंड लागू देऊ नये. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, यांपासून पूर्वी काळी शाई करत असत. ओल्या चामड्यावर लोखंडी सुई किंवा कडी पडून राहिली तर नेमकी तीच शाई चामड्यात आणि दोऱ्यात तयार होते आणि तो डाग निघत नाही. वर्ध्याजवळच्या नालवाडीला १९३० च्या दशकात मेलेल्या जनावरांच्या कातड्यावर काम करणारे चर्मालय चालत असे, तेव्हापासून आमच्या भागात सालीत कमावलेल्या चामड्याची ओळख आहे. आजही असे चामडे मिळाले तर त्याला पितळी कड्या आणि मेण मुरवलेला लिनन किंवा पॉलिस्टर दोराच द्यावा.

शेवटी दोन्ही सुयांनी तीन टाके मागे घ्यावेत. लिननचे टोक चामड्यालगत कापावे. मेण आणि मागचे टाके त्याला धरून ठेवतात, गाठीची गरज नसते. नायलॉन आणि पॉलिस्टरचे टोक दोन मिलिमीटर ठेवून काडीच्या ज्वाळेच्या कडेने वितळवावे आणि आरीच्या मुठीने दाबावे. मेणामुळे दोरा चटकन पेटतो, म्हणून ज्वाळा जवळ नेऊन लगेच मागे घ्यावी. त्यानंतर शिवण लाकडी हातोडीने हलकी ठोकावी आणि जाड फडक्याने दोन्ही बाजूंनी जोरात घासावी, म्हणजे उबेने मेण छिद्रांत पुन्हा बसते आणि टाके सपाट होतात.

पोळा झाल्यावर पट्टा आढ्याला टांगण्यापूर्वी ओल्या फडक्याने घाम पुसून तो सावलीत दोन दिवस वाळवावा आणि शिवणीवर मेणाची वडी एकदा फिरवून फडक्याने घासावी. चामड्याला एरंडेल द्यायचे असेल तर ते शिवणीपासून बोटभर अंतर ठेवून द्यावे, कारण जास्त तेल छिद्रांत उतरले की आतले मेण मऊ होऊन दोऱ्याची पकड सुटते.